वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह

३ फेब्रुवारी

आज ऑफिसात एक नवीन मुलगी आली. असेल अठ्ठावीस-तीस वर्षांची. आमच्या संस्थेच्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या मॅडम म्हणतो, त्यांनी सर्वांना बोलावून ओळख करून दिली. मुलीचं काम काय, तर ‘ज्ञान व्यवस्थापन’. म्हणजे इतकी वर्षं आपण काय केलं, कुठे चुकलो, त्यातून काय शिकलो, हे सगळ्यांच्या डोक्यातून काढून कागदावर उतरवायचं आणि कपाटात लावून ठेवायचं.

मॅडम म्हणाल्या, “अकरा वाड्यांना आपण डोंगरातून नळाचं पाणी आणलं. पण ते पाणी कसं चालतं हे सांगणारा एक कागद आपल्याकडे नाही.”

असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. कागद कशाला हवा, मी आहे की. तेवीस वर्षं आहे.

पाच वर्षांपूर्वी असाच एक सल्लागार येऊन गेला होता. त्याचा जाडजूड अहवाल सध्या पाण्याच्या पिंपाखाली आहे. पिंप डुगडुगायचं, ते थांबलं. ही पण तसलीच निघाली तर बरं. पण ही हसते फार. जास्त हसणाऱ्या माणसापासून मी जरा लांबच राहतो.

मी तिचं नाव माहितीबाई ठेवलं. मनातल्या मनात, अर्थात.

६ फेब्रुवारी

माहितीबाईने आज दोन तास माझ्यासमोर ठाण मांडलं. टेबलावर आवाज टिपणारं छोटं यंत्र ठेवलं. “काका, चालेल ना?” म्हणाली. नाही म्हणायची सोय होती का? नाही म्हणावं तर लपवाछपवी दिसते.

पाइप किती इंची, टाकी किती लिटरची, हे विचारेल असं वाटलं होतं. ते विचारलंच नाही. विचारलं काय, तर “हे तुम्हाला कोणी शिकवलं? पहिल्यांदा चुकलात तेव्हा कसं कळलं?” मला लगेच वास आला. माझ्याकडे कसलं प्रमाणपत्र नाही, ते हिला काढून घ्यायचंय. मी सांगितलं, कोणी शिकवलं नाही, हात भाजून शिकलो. तिने ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. रेघ कशाला?

मग म्हणाली, “तुम्ही नसताना कोण बघतं?”

मी म्हटलं, मी नसतो असं होत नाही.

तेव्हा अबोल शेजारीच होता. अबोल म्हणजे माझा जोडीदार, चाळिशीचा गृहस्थ, नऊ वर्षं माझ्याबरोबर आहे. बोलत नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव, आता सगळेच तेच म्हणतात. माणूस प्रामाणिक. पाने, जोड, दोऱ्या, सगळी पिशवी उचलतो, खड्डे खणतो. मुख्य व्हॉल्व्हना मी त्याला हात लावू देत नाही, आणि त्यानेही कधी तसं मागितलं नाही. माहितीबाईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने खाली जमिनीकडे.

११ फेब्रुवारी

मेहुणा आला होता. बायकोचा थोरला भाऊ, छापखान्यात तीस वर्षं मशीन चालवलेला माणूस. मी त्याला माहितीबाईचं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“माझंही असंच झालं,” म्हणाला. “साहेब म्हणाले, तुमचा अनुभव नव्या लोकांना द्या. तीन महिने दिला. शाई किती, दाब किती, कागद ओला असला तर काय करायचं, सगळं. चौथ्या महिन्यात मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि निरोप दिला. दाजी, विहिरीतलं पाणी संपेपर्यंतच दोराला किंमत.”

बायको आतून म्हणाली, “दादा, तुझा छापखानाच बंद पडला नंतर. ते का सांगत नाहीस?”

“तो वेगळा विषय,” मेहुणा म्हणाला.

मला नाही वाटत तो वेगळा विषय होता असं. म्हणजे मेहुण्याचंच बरोबर आहे, असं मला म्हणायचंय.

१२ फेब्रुवारी

प्रिंटरवर एक कागद विसरलेला सापडला. सगळ्यांच्या नावांचा तक्ता. शेवटचा रकाना: ‘गेल्यास काय अडेल?’ हिशेबनीसापुढे दोन ओळी. माझ्यापुढे लिहिलंय, ‘सर्व काही.’

वाचून आधी छाती फुगली. जिना उतरताना डोक्यात प्रकाश पडला. ‘गेल्यास’ म्हणजे? कोण जाणार आहे?

२० फेब्रुवारी

आज माहितीबाईला वरच्या वाडीला नेलं. अकरा वाड्यांतली ही सगळ्यात उंचावरची, एकतीस घरं. चढ दोन तासांचा. वाटलं होतं अर्ध्यात बसेल. नाही बसली. उलट अबोलच्या हातातली पिशवी घेऊन चालली, आणि तो चक्क तिच्याशी बोलत होता. मी जवळ गेलो की गप्प. दोघांचं काय शिजतंय?

टाकीच्या खालच्या घरात शिंपीकाम करणाऱ्या वहिनी राहतात. टाकीच्या फाटकाची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांचे मालक पाणी समितीचे अध्यक्ष होते, ते गेले तरी किल्ली घरातच राहिली. वहिनींनी शिवण बाजूला ठेवून चहा केला. सून सहाव्या महिन्यात आहे, पाय सुजलेत म्हणाल्या. “भाऊजी, तुम्ही आलात की मला बरं वाटतं. पाण्याची काळजी जाते.” माहितीबाईने हे पण लिहून घेतलं.

मग टाकीवर गेलो. आता जे झालं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.

वरच्या टाकीत दोन पाइप येतात. एक झऱ्याचा, बारमाही, स्वच्छ. दुसरा ओढ्याचा. उन्हाळ्यात झरा मंदावतो म्हणून तो मीच चौदा वर्षांपूर्वी जोडला. पाऊस आला की ओढ्याचा पाइप ताबडतोब बंद करायचा, कारण रानातली सगळी घाण, जनावरांचं शेण, चिखल त्यात उतरतो. जगातले सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात. हा उजवीकडे फिरवला की उघडतो. जुन्या मालातला उलट्या आट्यांचा होता, त्या दिवशी तोच हाताशी होता, तोच बसवला. पुढे बदलायचा राहिला. मग बदलावासा वाटेना. माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, यात एक मजा असते.

माहितीबाई म्हणाली, “काका, पाऊस आला की हा बंद करायचा. म्हणजे उजवीकडे?”

यंत्र चालू होतं. अबोल खाली पायरीवर होता.

मी म्हटलं, “हं.”

एवढंच. मी खोटं बोललो नाही. मी फक्त हं म्हटलं.

२१ फेब्रुवारी

सकाळी विचार केला की फोन करून सांगून टाकावं. मग म्हटलं, दहा वाड्यांचं सगळं दिलं की. एक गोष्ट आपल्यापाशी ठेवली तर काय बिघडलं? सोनारसुद्धा सगळी चाळणी गिऱ्हाइकासमोर झाडत नाही. आणि पाऊस आला की वर जाणारा मीच आहे.

९ मार्च

पुस्तिका छापून आली. प्रत्येक वाडीला एक प्रत, पाण्याने भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बसवलेली. चित्रं, बाण, सोपी भाषा. मी चूक शोधायला बसलो. दहा वाड्यांत एक सापडली नाही, याचा रागच आला. अकराव्या, म्हणजे वरच्या वाडीच्या पानावर एक गोल बाण, उजवीकडे, खाली ‘बंद’.

पहिल्या पानावर माझं नाव. ‘यांच्या तेवीस वर्षांच्या अनुभवातून.’ अबोल म्हणाला, “दादा, तुमचं पुस्तक झालं.” नऊ वर्षांत त्याचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं.

नाव कशाला घातलं? उद्या काही झालं तर पहिल्या पानावर कोणाचं नाव, हे दाखवायला. माहितीबाई दिसते तशी साधी नाही.

२७ मार्च

मोठ्या मॅडमच्या खोलीत आज वाड्यांच्या समित्यांचे लोक आले होते. दार बंद. आतून माहितीबाईचा आवाज येत होता. मला बोलावलं नाही. तेवीस वर्षांत वाड्यांची बैठक माझ्याशिवाय झालेली नाही. चहा द्यायच्या निमित्ताने मी आत गेलो, तर फळ्यावर काहीतरी होतं आणि मॅडमनी उठून तो उलटा केला. स्वतःच्या हातांनी.

वरच्या वाडीच्या वहिनी बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे बघून हसल्या, पण घाईने निघून गेल्या. त्यांनाही काही सांगू नका म्हणून बजावलेलं दिसतंय.

घरी बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “अहो, सरळ जाऊन विचारा ना मॅडमना.”

“विचारलं की आपण घाबरलोय असं दिसतं.”

“मग घाबरलाच आहात की. नोकरी जाईल म्हणून नाही. लोक तुमच्यावाचून अडायचे थांबतील म्हणून.”

बायकांना ऑफिसातल्या गोष्टी कळत नाहीत.

४ एप्रिल

मेहुण्याशी बोललो. तो म्हणाला, “चार दिवस गायब हो. फोन बंद ठेव. मग बघ कसे पळत येतात. माणसाची किंमत तो नसताना कळते.”

उद्यापासून चार दिवसांची रजा टाकली. तेवीस वर्षांत माझ्या किती रजा वाया गेल्यात. मॅडम म्हणाल्या, “जा, जा. तुम्हाला विश्रांती हवीच होती.” इतक्या चटकन कशा तयार झाल्या? माहितीबाई म्हणाली, “काका, निश्चिंत जा, पुस्तिका आहे.” तेच तर मला बघायचंय.

पाऊस नाही आता. आभाळ कोरडं ठणठणीत आहे. हे मी बघून घेतलंय.

७ एप्रिल

मेहुण्याच्या घरी. दुपारी अवेळी आभाळ भरून आलं आणि धो धो कोसळलं. मेहुण्याच्या गॅलरीत उभा राहून मी डोंगराकडे बघत होतो. डोंगर दिसतच नव्हता.

फोन पिशवीत होता, बंद. दोनदा काढला. दोनदा परत ठेवला. म्हटलं, त्यांनी आधी शोधू दे. ऑफिसातून मेहुण्याचा नंबर काढून फोन आला, की मी म्हणेन, “अरे, तो व्हॉल्व्ह उलटा आहे, सांगायचं राहिलं.” चार माणसांसमोर म्हणेन.

मेहुण्याचा फोन वाजला नाही.

मी असंही म्हटलं की तिकडे पाऊस झाला नसेल. पाऊस काय सगळीकडे सारखा पडत नाही.

८ एप्रिल

सकाळी वर्तमानपत्रात होतं, डोंगरपट्ट्यात मोठा पाऊस. फोन चालू केला नाही. आता चालू करून काय सांगणार? काल का नव्हता चालू, हे आधी सांगावं लागेल. असा विचार करण्यात दुपार गेली.

संध्याकाळी चालू केला. चाळीस-एक्केचाळीस फोन येऊन गेलेले. शेवटचा बायकोचा निरोप: “वरच्या वाडीत माणसं आजारी पडलीत. दादाचाही फोन लागत नाही. असाल तसे निघा.”

९ एप्रिल

वाडीतली एकोणीस माणसं. जुलाब, उलट्या. खालच्या मोठ्या गावातल्या दवाखान्याच्या व्हरांड्यातसुद्धा खाटा टाकल्यात. बहुतेक सगळे सुधारतायत, असं डॉक्टर म्हणाले.

वहिनींची सून आत आहे. अंगातलं पाणी इतकं गेलं की पहाटे तिला कळा सुरू झाल्या. साडेसात महिन्यांची. मुलगी झाली, दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवलीय. दोघींचं आत्ताच काही सांगता येत नाही म्हणाले.

वहिनी बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या, माझा हात धरला. “भाऊजी, तुम्ही नव्हतात. तुम्ही असतात तर असं झालं नसतं.”

हेच ऐकायला मी रजा टाकली होती.

१० एप्रिल

काय झालं ते अबोलकडून कळलं.

पाऊस सुरू होताच माहितीबाई आणि अबोल वर पळाले. दोन तासांचा चढ सव्वा तासात चढले. वहिनींकडून किल्ली घेतली. पुस्तिका उघडली. उन्हाळ्यासाठी अर्धा उघडून ठेवलेला ओढ्याचा व्हॉल्व्ह अबोलने उजवीकडे घट्ट फिरवला. ओढ्याचा सगळा गाळ त्याने टाकीत सोडला, बंद करतोय असं समजून. त्या दिवशी नळाला गढूळ पाणी आलं ते लोकांनी फेकून दिलं. दुसऱ्या दिवशी गाळ तळाला बसला, पाणी निवळ दिसलं, लोकांनी भरलं आणि प्यायलं. माणसं आजारी पडल्यावर दोघांनी परत वर जाऊन पाहिलं, तेव्हा कुठे उलटं कळलं आणि पाइप बंद झाला.

मी म्हटलं, “तुला काहीच शंका आली नाही?”

अबोलने पिशवीतले पाने नीट लावले. मग म्हणाला, “आली. फिरवताना आतला आवाज वाढल्यासारखा वाटला. दोनदा वाटलं, उलटं होतंय. पण वरून पाऊस आपटत होता. आणि कागदावर होतं. कागदावर तुमचं नाव होतं. म्हटलं, दादांचं चुकणार नाही. आपलंच चुकत असेल.”

याच्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं जमिनीकडे नाही, माझ्याकडे. त्याला कळलंय का? विचारायची हिंमत झाली नाही.

१५ एप्रिल

संस्थेत बैठक. माहितीबाईची पद्धत अशी की काही बिघडलं की फळ्यावर तीन प्रश्न लिहायचे: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला. कोणाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम. हिशेबनीस पेनाचं टोपण उघडझाक करत होता.

मग माहितीबाई उभी राहिली. घरून लिहून आणलेला कागद वाचला. “पुस्तिका मी केली. व्हॉल्व्हपाशी मी प्रश्न विचारला आणि मला उत्तर मिळालं असं मी समजले. स्वतः फिरवून पाहिलं नाही. अबोलदादांना शंका आली होती. पण कागदापेक्षा आपल्या हाताला जास्त कळतं, असं त्यांना वाटावं, अशी जागाच मी ठेवली नाही. चूक माझी आहे.”

‘उत्तर मिळालं असं समजले.’ हे वाक्य साधं नाही. तिच्या यंत्रात माझं ‘हं’ आहे. ती कुठल्याही क्षणी ऐकवू शकते. मग ऐकवत का नाही? हुकमाचं पान हातात ठेवून हलकी पानं टाकणारा माणूस सगळ्यात धोक्याचा. तिला माझ्याकडून काहीतरी हवं असणार. काय ते कळत नाही.

बैठक संपल्यावर दोघंतिघं तिच्याशी तुटकपणे वागले. तिने स्वतःचा कप स्वतःच विसळला आणि जागेवर जाऊन बसली. दिवसभर तिथेच होती.

१६ एप्रिल

मुलगी अजून पेटीतच आहे. आईला ग्लानी आहे, पण ताप उतरलाय.

सकाळी दाढी करताना गालाला कापलं. बायको कापूस घेऊन आली आणि म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं ना?” मी आरशातच बघत राहिलो. तिने कापूस दाबून धरला.

ऑफिसात जाऊन मोठ्या मॅडमचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ‘हं’पासून बंद फोनपर्यंत. सांगताना मधेच मेहुण्यावर ढकलायला लागलो होतो, ते माझं मलाच ऐकू आलं, म्हणून थांबलो.

मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्या उठून खिडकीशी गेल्या.

“का?” एवढंच विचारलं.

मी म्हटलं, “मला वाटलं, सगळं काढून घेतलं की तुम्ही मला काढणार.”

त्या वळल्या. “बरोबर वाटलं तुम्हाला.”

मी खुर्चीत बसलो.

“पुढच्या मार्चपासून सगळ्या योजना वाड्यांच्या ताब्यात जाणार. आपलं काम तिथे संपतं. तुमची जागाही. मला हे डिसेंबरमध्येच कळलं होतं. त्या दिवशी फळ्यावर तेच होतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही आधीच सोडून जाल आणि मागे काहीच राहणार नाही, अशी मला भीती वाटली. माझा तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही…” त्या थांबल्या. “नाही. तसंच आहे. नव्हता.”

दोन महिने मी ज्याचा संशय घेतला ते खरं निघालं. वाटलं होतं, खरं निघालं की जिंकल्यासारखं वाटेल. खुर्चीत बसून मला फक्त ती काचेची पेटी दिसत होती.

मॅडम म्हणाल्या, “माझा भाग मी लेखी देते. तुमचा तुम्ही द्या. आणि वाडीला तुम्ही स्वतः सांगायचं. माझ्या तोंडून नाही.”

१८ एप्रिल

माहितीबाईकडे गेलो. ती नकाशावर काहीतरी खोडत होती. मी विचारलं, “ते ऐकलंस ना? माझं ते?”

“अकरा वेळा.”

“मग बैठकीत ऐकवलं का नाहीस?”

तिने खोडरबर खाली ठेवला. “काका, तुम्ही ‘हं’ म्हणायच्या आधी बराच वेळ थांबला होतात. साध्या प्रश्नाला माणूस इतका थांबत नाही. ते माझ्या तिथेच लक्षात यायला हवं होतं. आणि ते ऐकवलं असतं तर या ऑफिसात परत कोणी माझ्यासमोर तोंड उघडलं नसतं.”

“पण लोक तुला दोष देतायत.”

“जूनपर्यंत देतील. माझं काम जूनपर्यंतच आहे.”

म्हणजे हिलाही पुढे जागा नाही. आणि मी समजत होतो, ती माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे.

अजूनही वाटतं, तिचा काहीतरी हेतू असेल. नसेलही. ही सवय एका दिवसात जायची नाही. खाली बसलो आणि म्हटलं, यंत्र चालू कर. तिने केलं. व्हॉल्व्हचं सांगितलं. मग न विचारताच आणखी सहा गोष्टी सांगितल्या, ज्या मी इतर वाड्यांच्याही दाबून ठेवल्या होत्या. सहा. मला वाटत होतं, एकच आहे.

मधेच तिने अबोलला हाक मारली आणि शेजारी बसवलं. सहातल्या दोन त्याला आधीच माहीत होत्या. “कशावरून?” मी विचारलं. म्हणाला, “नऊ वर्षं बघतोय, दादा.”

२ मे

काल बाळ आणि बाळाची आई घरी आल्या. आज मी वरच्या वाडीला गेलो. अबोल म्हणाला, “मी येऊ?” मी नको म्हटलं, तरी तो मागून आला.

वहिनी शिवणयंत्रावर होत्या. बाळासाठी इवलंसं काहीतरी शिवत होत्या. “या,” म्हणाल्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा पिऊन मला सांगता आलं नसतं.

उभ्याउभ्याच सांगितलं. व्हॉल्व्ह उलटा आहे हे मला चौदा वर्षं माहीत होतं. त्या मुलीने विचारलं तेव्हा मी मुद्दाम चुकीचं हं म्हटलं. पाऊस पडत होता तेव्हा माझा फोन मी मुद्दाम बंद ठेवला होता.

वहिनींचा पाय यंत्रावर तसाच होता. सून आतून दारात आली, बाळ खांद्यावर. बाळ उचक्या देत होतं.

“का म्हणून?” वहिनी म्हणाल्या.

“तुम्ही म्हणावं म्हणून, की मी नसलो तर तुमचं अडतं.”

“ते तर आम्ही म्हणतच होतो,” त्या म्हणाल्या. “रोज म्हणत होतो.”

त्यांनी दोरा दाताने तोडला, कापड घडी घालून ठेवलं, खिळ्यावरची किल्ली काढली. मला वाटलं, माझ्या अंगावर फेकतील, किंवा म्हणतील चालता हो. त्यांनी शेजारच्या दोन घरांत हाक मारली. तिथून दोघी आल्या, एकीच्या हाताला पीठ होतं. सुनेने बाळाला आत झोपवलं आणि चपला घातल्या.

“तू कशाला?” वहिनी तिला म्हणाल्या.

“मला बघायचंय,” ती म्हणाली.

टाकीवर गेलो. मी हात पुढे केला तर वहिनींनी अडवला. “तुम्ही नाही. तोंडाने सांगा.”

मी तोंडाने सांगितलं. डावीकडे फिरवला की बंद. उजवीकडे उघडा. वहिनींनी फिरवून बघितला. मग पीठवालीने. मग तिसरीने. सुनेने दोन्ही हातांनी फिरवला, ती दमली, थांबली, परत फिरवला, पार बंद होईपर्यंत. मग टाकीत वाकून पाणी पडायचं थांबलं का ते पाहिलं. शेवटी अबोलने. त्याने फिरवताना डोळे मिटले होते.

पीठवाली म्हणाली, “हा बदलून सरळ व्हॉल्व्ह नाही बसवता येणार? म्हणजे डोक्यात ठेवायलाच नको.”

चौदा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विचारायला कोणाला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, येतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

“मग उद्या आणा,” वहिनी म्हणाल्या, “आणि आम्ही बसवतो. तुम्ही बाजूला उभे राहून सांगा.” किल्ली त्यांनी सुनेच्या हातात दिली आणि उतरू लागल्या. दोन पायऱ्यांवर थांबून मागे न बघता म्हणाल्या, “लवकर या. आम्हाला नंतर कामं असतात.”

अबोलने पिशवी उचलली. मग पिशवीचा एक बंद माझ्याकडे केला. दोघांनी धरून उतरलो.